पाटीवरची पाच नावं : एका जेसीज शाखेचा इतिहास लिहिताना

पार्श्वभूमी

आमचं गाव रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यातलं, नदीकाठचं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही नाती आणि धंदे बदलले आहेत. निर्णय मात्र घेतले तसेच, चुकांसकट मांडते.

मी इथे कर सल्लागार आहे. जेसीजच्या आमच्या शाखेत तेहेतिसाव्या वर्षी आले, पुढे खजिनदार झाले आणि २०२४ च्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका माझ्या गळ्यात पडली. कारण काय, तर 'मॅडमचं अक्षर चांगलं आहे'. हल्ली स्मरणिका हातानं कोण लिहितं, हे विचारायचं राहून गेलं.

जेसीज म्हणजे अठरा ते चाळीस वयाच्या तरुणांची संघटना. अमेरिकेत सेंट लुईस शहरात हेन्री गिसेनबियर नावाच्या, बँकेत काम करणाऱ्या तरुणानं १९१० मध्ये मित्रांबरोबर एक नाचाचा क्लब काढला. त्यातूनच १३ ऑक्टोबर १९१५ रोजी ३२ तरुणांची नागरी संघटना उभी राहिली. डिसेंबर १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत ती आंतरराष्ट्रीय झाली आणि १९४९ मध्ये भारतात आली. शाखेचा अध्यक्ष एका वर्षापुरता असतो, जानेवारी ते डिसेंबर. चाळिशी ओलांडली की मत नाही, पद नाही. माणूस मागच्या रांगेत जाऊन बसतो.

या दोन नियमांनी संघटना तरुण राहते हे खरंच. आमच्या गावात माईक हातात धरून न अडखळता बोलणारी निम्मी माणसं जेसीजच्या वक्तृत्व वर्गातून गेलेली आहेत, त्यात दोन नगराध्यक्षही आले. पण याच नियमांमुळे संस्थेला आठवण राहत नाही, हे स्मरणिका हातात घेईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. दरवर्षी नवा सचिव, नवं रजिस्टर, नवा शिक्का. जुनं दप्तर कुणाच्या माळ्यावर आहे हे माहीत असलेला माणूस चाळीस वर्षांचा झाला की त्याच्याबरोबर ती माहितीही जाते.

आमची शाखा १९७४ ची. डॉक्टर, वकील, बँकेतले दोघे, कॉलेजचे एक प्राध्यापक, लाकडाचे व्यापारी, एसटी डेपोतले एक साहेब, सगळे पंचवीस-तिशीतले. नेत्र शिबिरं, पाणपोई, स्मशानातली पत्र्याची शेड, स्टँडसमोरचा निवारा, गणपतीत चाकरमान्यांसाठी मदत केंद्र ही कामं गावात आजही दिसतात किंवा निदान लोकांना आठवतात. वाचनालयाच्या हॉलमध्ये सागवानी सन्मान फलक आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत १९७४ पासून प्रत्येक वर्षाचा अध्यक्ष, एकही वर्ष न गाळता. स्मरणिकेचा कणा हाच फलक, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

अडचण

पहिली अडचण पाण्याची. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर दप्तर फडताळाच्या वरच्या कप्प्यात हलवलं होतं. २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर होती आणि कप्पा तिच्याहून हातभर वर. आमच्याकडे सगळे त्या खुणेवर विसंबून होते. दुकानांचे मालसुद्धा त्याच मापानं रचलेले असत. २२ जुलै २०२१ ला पाणी खुणेच्या वर गेलं. इतिवृत्ताची अकरा रजिस्टरं चिखलात भिजली. घरंदारं धुवायची सोडून रजिस्टरांकडे कोण बघतो? पाचव्या दिवशी ती ऊन पडेल त्या गच्चीवर पसरली, तोवर बुरशी धरली होती.

त्यातून एक विचित्र गोष्ट झाली. बॉलपेननं लिहिलेली पानं डागाळली, पण वाचता येत होती. शाईच्या पेननं लिहिलेली धुऊन गेली. म्हणजे १९८५ नंतरचा इतिहास राहिला आणि संस्थापकांचा, ज्यांचं अक्षर खरोखर सुंदर होतं त्यांचा, निळसर पाण्याचा ओघळ झाला. १९७७ चा सचिव तेवढा अपवाद. तो निळी-काळी शाई वापरायचा. त्या शाईत लोह असतं, निळा रंग वाहून गेला तरी काळपट रेघ मागे राहते. त्यामुळे सुरुवातीच्या दहा वर्षांपैकी १९७७ एवढंच वर्ष आमच्याकडे अक्षरशः शब्दाशब्दानं आहे. कंटाळवाणं वर्ष होतं ते. चहाच्या बिलावरून दोन सभा झाल्या आहेत.

दुसरी अडचण मोठी, आणि ती पुरानं केलेली नव्हती. बॉलपेनच्या काळातलं शेवटचं रजिस्टर मार्च १९९३ ला संपतं. पुढचं सुरू होतं ते नोव्हेंबर १९९८ ला. मधलं हरवलं असेल असं वाटलं. मग एका माजी खजिनदारांच्या ट्रंकेत शाखेचं पासबुक सापडलं. त्यात १९९३ च्या उन्हाळ्यापासून फक्त व्याज जमा. सहा महिन्यांनी व्याज, पुन्हा सहा महिन्यांनी व्याज. ना एक पैसा आला, ना गेला. शिबिर न घेता, वर्गणी न घेता, चहाचं बिलसुद्धा न देता जेसीज पाच वर्षं चालेल यावर १९७७ चं रजिस्टर वाचलेल्या बाईचा विश्वास बसणं कठीण.

वाचनालयाच्या माडीवर तालुक्याच्या साप्ताहिकाच्या बांधीव फाइली पुरातून वाचल्या होत्या. १९९२ पर्यंत जवळजवळ महिन्याआड जेसीजची बातमी. त्यानंतर १९९८ च्या दिवाळीपर्यंत काही नाही.

आणि फलकावर १९९३ ते १९९७ ची पाच नावं झळकत होती.

खंड का पडला

इथे थोडं रेंगाळते, कारण या भागावर स्मरणिकेत दोनच ओळी आल्या आणि माझ्या मते खरा धडा इथे आहे.

गावात सांगितलं जाणारं कारण ऑर्केस्ट्राचं. १९९२ च्या मे महिन्यात निधीसाठी मैदानात ऑर्केस्ट्रा ठेवला, वळीव आला, तिकिटांचे पैसे परत करावे लागले, मंडपवाल्याचं बिल तिघांनी खिशातून भरलं आणि कुणाच्या सहीनं काय ठरलं होतं यावरून बोलणं बंद झालं. हे सगळं खरं आहे. पण ऑर्केस्ट्रा बुडाल्यानं संस्था बुडत नाही. कोकणात मे महिन्यात दर दोन वर्षांनी कुणाचा ना कुणाचा कार्यक्रम पावसात जातो.

सभासदांच्या जन्मतारखा मांडल्यावर दुसरंच चित्र निघालं. १९७४ चे संस्थापक चोवीस ते तिशीतले. त्यांनी आणले ते आपले मित्र, मेहुणे, धाकटे भाऊ. म्हणजे सगळे एकाच वयाचे. १९८४ ते १९९० या काळात ही पंगत एकदमच उठली. १९९२ मध्ये चाळिशीच्या आतले नऊ सभासद उरले होते. त्यांतले पाच जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचे अधिकारी, ते बदलीवर गेले. बाकीची गावची पोरं बारावीनंतर मुंबईला. ऑर्केस्ट्राचं भांडण मिटवायलासुद्धा माणसं उरली नव्हती, म्हणून ते मिटलं नाही.

१९९८ मध्ये शाखा पुन्हा उभी राहिली. त्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली होती, गावात नव्या बँका, नवे दवाखाने आले होते. नव्या लोकांना जुनं भांडण माहीतच नव्हतं.

मग पाच नावं कुठून आली? १९९९ मध्ये रौप्यमहोत्सव होता. फलक तेव्हाच करून घेतला. त्या वर्षीचे सचिव आज पंचावन्नच्या पुढे आहेत. त्यांना विचारलं तर ते मोकळेपणानं हसले. पाटी रंगवणारा म्हणाला होता, "साहेब, मधे पाच ओळी कोऱ्या सोडल्या तर पाटी विद्रूप दिसंल." तेव्हा 'असते तर कोण झाले असते' या हिशेबानं पाच नावं घातली. त्यातल्या १९९४ च्या 'अध्यक्षां'ना मी डोंबिवलीला फोन केला. ते म्हणाले, "मी? अहो, मी ब्याण्णवलाच इकडे आलो. अध्यक्ष केलंत ते कळवायचं तरी!"

पाचांपैकी दोघे वारले आहेत. एक परदेशी, पत्ता नाही. एक डोंबिवलीचे. पाचवे, म्हणजे फलकावरचे १९९५ चे अध्यक्ष, आमच्या बाजारपेठेत हार्डवेअरचं मोठं दुकान असलेले. सगळे त्यांना भाई म्हणतात. सुवर्णमहोत्सवाच्या जेवणाचा खर्च आणि स्मरणिकेच्या मलपृष्ठाची रंगीत जाहिरात त्यांचीच होती.

समोरचे पर्याय

कार्यकारिणीपुढे मी तीन रस्ते ठेवले, चौथा अध्यक्षांनी सुचवला.

पहिला, फलकावरची यादी आहे तशी छापायची. अध्यक्ष एकोणतीस वर्षांचे, औषधांचं दुकान, स्वभावानं सरळ. ते म्हणाले, "मॅडम, स्मरणिकेतला इतिहास कोण वाचतं? लोक आपली जाहिरात आली का बघतात नि ठेवून देतात." यात तथ्य होतं. पण त्यावर माझ्या धंद्याची एक हरकत होती. आमची शाखा सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली आहे. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढला तर विश्वस्त म्हणून १९८९ ची नावं निघाली. तिघे हयात नाहीत. न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो, म्हणजे दरवर्षी एक रिपोर्ट. पस्तीस वर्षांत एकही दिलेला नाही. उद्या जुने रिपोर्ट दाखल करताना विलंबाचं कारण लिहावं लागणार. तिथे 'संस्था काही काळ बंद होती' असं लिहायचं आणि स्मरणिकेत 'अखंड पन्नास वर्षं' छापायचं, हे मला पटेना.

दुसरा, स्थापनेपासून पन्नास वर्षं म्हणून महोत्सव करायचाच, पण यादीत १९९३ ते १९९७ पुढे रेघ ओढून खाली कारण लिहायचं.

तिसरा, चालू वर्षंच मोजायची आणि महोत्सव पाच वर्षं पुढे ढकलायचा. हा हॉलचं बुकिंग झालेलं असल्यामुळे पाच मिनिटांत बाद झाला.

चौथा, म्हणजे अध्यक्षांचा : यादीच छापायची नाही. कामांनुसार इतिहास लिहायचा; आरोग्य, शिक्षण, प्रशिक्षण. कुणाचं नाव नाही, म्हणजे वाद नाही. हुशार पर्याय होता. पण ज्या संस्थेत माणूस एका वर्षासाठी अध्यक्ष होतो आणि ते वर्ष आयुष्यभर सांगतो, तिथे यादी नसलेली स्मरणिका म्हणजे पंगतीला बोलावून पान न मांडणं.

एका ज्येष्ठांनी संस्थेच्या प्रतिष्ठेचा मुद्दा काढला. मी म्हटलं, काका, मातृसंस्था आपला जन्म नाचाच्या क्लबात झाला हे लपवत नाही. दर सभेला आपण उभं राहून म्हणतो ती जेसी श्रद्धा १९४६ मध्ये विल्यम ब्राउनफील्ड यांनी लिहिली आणि तिच्यातली ईश्वरावरच्या श्रद्धेची ओळ १९५१ मध्ये मागाहून घातली, हेही उघड नोंदलेलं आहे. काका म्हणाले, "ते अमेरिकेत. इथे भाई रोज समोर भेटतात."

घेतलेले निर्णय

पहिला निर्णय मी एकटीनं घेतला आणि तोच चुकला. सभेत विषय येण्याआधी भाईंना कळलेलं बरं, या विचारानं मजकुराचा खर्डा घेऊन त्यांच्या दुकानी गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. चहा मागवला. मी म्हटलं, "भाई, तुमची संमती असेल तरच छापू." त्यांनी कागद घडी करून माझ्याकडे सरकवला.

"अध्यक्ष मी होतो गो," ते म्हणाले. "मंडळ नव्हतं, एवढंच."

मला तो विनोद वाटला. खट्याळपणे बोलायची त्यांची रीत आहे. मी हसले, त्यांनीही हसल्यासारखं केलं, आणि मी ते वाक्य कुठेही टिपलं नाही.

दुसऱ्या वळणाचं श्रेय माझं नाही. जुन्या जेसीरेट विंगच्या, म्हणजे सभासदांच्या बायकांच्या गटाच्या, यादीत नावं होती ती सगळी 'सौ.' आणि पुढे नवऱ्याचं नाव-आडनाव. तेवीस बायका, एकीचंही स्वतःचं नाव नाही. अमेरिकेतसुद्धा स्त्रियांना जेसीजचं पूर्ण सभासदत्व मिळालं ते १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. तेव्हा आमच्या नवरोबांना फार बोलण्यात अर्थ नाही. पण नावं तरी छापू म्हणून मी आणि आमची सचिव घरोघर फिरलो. एकोणीस मिळाली. त्या फेरीत निवृत्त शिक्षिका असलेल्या एका काकूंनी बिस्किटांचा डबा उघडला. त्यात एक फोटो : शाळेच्या व्हरांड्यात टेबल, थर्माससारखा लसीचा डबा, रांगेत कडेवर मुलं घेतलेल्या बायका, आणि मागे कापडी फलकावर आमच्या शाखेचं नाव. पाठीमागे निळ्या पेननं तारीख, ९ डिसेंबर १९९५. देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली तो दिवस.

"पण काकू, तेव्हा तर शाखा बंद होती ना?"

"भांडण पुरुषांचं होतं," काकू म्हणाल्या. "आमचं कशाला असेल? फलक माझ्याच घरात होता, धुवून घडी करून ठेवलेला."

पुढच्या फेरीलाही, २० जानेवारी १९९६ ला, केंद्रावर काम केलेल्या जेसीरेटच्या या सहाजणी गेल्या होत्या. पुरावा कागदावर एवढा एक फोटो. पण माझ्या खर्ड्यातलं 'या काळात शाखा पूर्णपणे बंद होती' हे वाक्य उभं राहीना. ते बदलून 'या काळात शाखेची सभा झाल्याची नोंद मिळत नाही. जेसीरेट सभासदांनी पोलिओ केंद्रावर काम केल्याचा पुरावा आहे' असं केलं. सहाही जणींची नावं स्वतःच्या नावासकट घातली.

सभेत दुसरा पर्याय अकरा विरुद्ध सहा मतांनी मंजूर झाला. डोंबिवलीकरांनी फोनवरून हसत हसत 'नाव काढा' सांगितलं. वारलेल्या दोघांच्या घरी अध्यक्ष स्वतः गेले; एका घरी काहीच अडचण आली नाही, दुसऱ्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "पाटी बघून यांना बरं वाटायचं, तेवढी पाटी काढू नका." म्हणून फलक तसाच ठेवायचा ठरलं. स्मरणिका एक सांगणार, भिंत दुसरं. विसंगती होती, पण ती मान्य करूनच हात वर केले.

काय घडलं

दोन दिवसांनी भाईंच्या दुकानातला मुलगा येऊन जाहिरातीचा मजकूर परत घेऊन गेला. जेवणाचा शब्द त्यांनी पाळला. मलपृष्ठ गेल्यावर आणखी तिघांनी माघार घेतली; १२० पानांची रंगीत स्मरणिका ८४ पानांवर आली, आतली पानं काळी-पांढरी. ४०० प्रती काढल्या.

डिसेंबरात सोहळा झाला. झोनचे पाहुणे आले, जुने जेसी पुण्या-मुंबईहून आले, ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडला. डेकोरेटरनं झेंडूचा पडदा नेमका सन्मान फलकावर सोडला होता. कुणी सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाई तिसऱ्या रांगेत बसले आणि जेवणाआधी उठून गेले. स्वतःच्याच पैशाच्या जेवणाआधी. ते बघितल्यावर मला घास गोड लागला नाही.

पोलिओच्या फोटोपाशी मात्र गर्दी झाली. सहापैकी चौघी आल्या होत्या. एकीनं आपलं छापील नाव नातवाला वाचायला लावलं.

फेब्रुवारीत भाईंचा पुतण्या माझ्या ऑफिसात प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. माळा साफ करताना सापडलं म्हणाला, काकांना सांगितलेलं नाही. आत १९९५ आणि १९९६ च्या डिमांड ड्राफ्टच्या प्रती होत्या, राष्ट्रीय कार्यालयाच्या नावे, आणि तिकडून आलेल्या पोचपावत्या. सोबत मोजक्या सभासदांची यादी. ज्यांच्या नावे वर्गणी भरली होती त्यांतले निम्मे तेव्हा गावात राहतही नव्हते. चार्टर, म्हणजे शाखेची मान्यता, रद्द होऊ नये म्हणून भाईंनी दोन वर्षं सगळ्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले होते. पोचपावतीवर त्यांच्या नावापुढे छापलेलं होतं : अध्यक्ष.

पाटीवर १९९९ मध्ये अंदाजानं घातलेल्या पाच नावांतलं एक खरं निघालं होतं. ज्यांनी घातलं त्यांनाही ते माहीत नव्हतं.

मी त्या संध्याकाळी पिशवी घेऊन दुकानी गेले. भाईंनी पावत्या बघितल्या, पुतण्याला दोन शिव्या घातल्या. मी विचारलं, तेव्हाच का नाही दाखवल्यात? ते म्हणाले, "तू कागद मागितलेस कुठे? संमती मागितलीस."

पुन्हा करायचं झालं तर

त्या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. मी एका माणसाकडे त्याचं नाव खोडायची परवानगी मागायला गेले आणि त्याच्याकडे असलेल्या माहितीबद्दल एक शब्द विचारला नाही, कारण पासबुक, रजिस्टर आणि साप्ताहिक या तीन ठिकाणी एकच उत्तर मिळाल्यावर मला तपास संपल्यासारखा वाटला. तिन्ही साक्षीदार खरं बोलत होते. पण पैसे खिशातून गेले तर पासबुकात दिसत नाहीत, सभा झाली नाही तर इतिवृत्त होत नाही, आणि घरात ठेवलेल्या कापडी फलकाच्या घडीची बातमी साप्ताहिकात येत नाही. खर्डा घरी ठेवून, मोकळ्या हातानं, 'पंचाण्णव साली काय काय झालं' एवढंच विचारायला गेले असते तर बहुधा त्यांनी स्वतःच माळ्यावर माणूस चढवला असता.

मत आधी आणि तपास नंतर, असं सभेतही झालं. छपाईची तारीख ठरलेली होती हे कारण होतं, पण मलपृष्ठ गेल्यावर ती तारीख तशीही महिनाभर पुढे गेलीच.

पुराच्या बाबतीत चूक अज्ञानाची होती. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. लगेच वाळवणं शक्य नसेल तर तो गोठवायचा, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीनं एकेक रजिस्टर काढून वाळवता येतं. हे मला २०२४ मध्ये कळलं. खाडीच्या तोंडाशी, पुराचं पाणी न पोचलेल्या भागात मासळीचं शीतगृह आहे, त्याचा मालक आमचा माजी सभासद. रस्ता तिसऱ्या दिवशी सुरू झाला होता. अकरा रजिस्टरं पिशव्यांत घालून सुरमईशेजारी ठेवली असती तर बरीच वाचली असती. संस्थापकांची धुऊन गेलेली शाई परत आली नसती, पण एकमेकांना चिकटून लगदा झालेली पानं तरी सुटी राहिली असती. फोटोंचंही तसंच. चिकटलेले फोटो आम्ही नखानं ओढून सुटे केले आणि चेहरे उडवले. ते स्वच्छ गार पाण्यात भिजत घालायचे असतात.

आता डिसेंबरात मावळत्या सचिवानं रजिस्टराच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून तो तीन जणांकडे द्यायचा, त्यांतला एक गावाबाहेरचा, असं ठरलं आहे. पहिल्या वर्षी झालं. चेंज रिपोर्टचं काम वकिलांकडे आहे. विलंबाच्या कारणात 'बंद' शब्द घालू नका, एवढं मी त्यांना सांगितलं. सभासदांच्या वयाचा तक्ता मात्र कुणीच करत नाही. आज आमच्या अठ्ठावीसपैकी एकोणीस जण चौतीस ते एकोणचाळीसमधले आहेत, मी धरून. मी तो तक्ता दोन सभांत मांडला, दोन्ही वेळा चहा आला.

भाईंबद्दल शुद्धिपत्रक काढलं : '१९९५ व १९९६ या वर्षांत शाखेचं चार्टर चालू होतं, अध्यक्ष व वर्गणीदार एकच.' शेवटचे तीन शब्द भाईंनी स्वतः सुचवले. उरलेल्या १४० प्रतींत आम्ही चिठ्ठ्या खळ लावून चिकटवल्या. वाटून झालेल्या प्रतींसाठीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी आहे. खिळे घ्या, रंग घ्या, नळाचं वायसर घ्या. बिलाबरोबर ते एक चिठ्ठी देतात, मागितली नाही तरी.